राख कोणी काढावी?

शास्त्रपाठ : लेवीय ६:८-१३, गणना ४:१३-१५, इब्री १३:१०-१३



होमार्पणाच्या विधीविषयी परमेश्वराने मोशेला जे सांगितले त्यातील एक आज्ञा आपल्या व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येते. वेदीवरील अग्नी सतत जळत राहावा, तो विझता कामा नये, ही ती आज्ञा. जागृतीच्या सभा, तरुणांची शिबिरे, नववर्षाची उपासना या प्रसंगी तिच्यावर आवेशाने उपदेश होतो, आणि तो होणे योग्यही आहे. परंतु लेवीयच्या सहाव्या अध्यायात ही आज्ञा नवव्या, बाराव्या व तेराव्या वचनात आली असून मधल्या दहाव्या व अकराव्या वचनांत काही वेगळेच सांगितले आहे. याजकाने तागाची वस्त्रे घालावी, रात्रभर जळून गेलेल्या होमार्पणाची राख उचलावी आणि ती वेदीच्या बाजूस ठेवावी. मग ती वस्त्रे उतरवून दुसरी घालावी आणि राख छावणीबाहेर एका शुद्ध ठिकाणी न्यावी. अग्नीवर शेकडो उपदेश मी ऐकले. राखेवर एकही ऐकल्याचे स्मरत नाही.

ज्या माउलीने चुलीपुढे आयुष्य काढले तिला या दोन गोष्टी एकत्र का आल्या हे सांगावे लागत नाही. कालची राख चुलीत तशीच ठेवली तर आजचे लाकूड पेटत नाही, नुसते धुमसते. डोळ्यांत धूर जातो आणि भाकरी कच्ची राहते. अग्नीला खालून वारा लागतो. राख तो वारा अडवते. म्हणून राख काढण्याची आज्ञा हा अग्नी जळत ठेवण्याच्या आज्ञेचाच एक भाग आहे. पहाटेची पहिली सेवा नवे लाकूड रचण्याची नव्हती, जुनी राख काढण्याची होती.

वेदीची रचना निर्गमच्या सत्ताविसाव्या अध्यायात दिली आहे. ती बाभळीच्या लाकडाची, पाच हात लांब, पाच हात रुंद व तीन हात उंच असून पितळेने मढवलेली होती. तिला पितळेची एक जाळी होती आणि जाळीच्या चार कोपऱ्यांना चार कड्या होत्या. ही जाळी कंगोऱ्याखाली, वेदीच्या निम्म्या उंचीपर्यंत यावी असे सांगितले आहे. ती आत बसवलेली होती व तिच्यावरच अग्नी असे, की ती वेदीच्या बाहेरच्या बाजूस होती, याविषयी व्याख्यात्यांत एकमत नाही. या जाळीसाठी इब्री शब्द आहे ‘मिख्बार’. आमोस ९:९ मध्ये धान्य चाळण्याच्या चाळणीसाठी ‘कबारा’ हा शब्द येतो, तो याच्याच कुळातला समजतात. पुढे जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर करणाऱ्या यहूदी पंडितांनी येथे ‘एस्खारा’ हा शब्द घातला. साध्या ग्रीक घरातील चुलाण्याला, शेगडीला, निखाऱ्यावर भाजण्याच्या साधनाला हाच शब्द वापरीत. पवित्र वेदीच्या भागासाठी त्यांनी स्वयंपाकघरातला शब्द घेतला आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. भाषांतराच्या कामात असलेल्या माणसाला ही गोष्ट धीर देणारी वाटते. उच्च विषयासाठी उच्च शब्दच शोधण्याचा मोह आम्हांला सतत होत असतो.

अशीच एक जाळी मी तमिळनाडूत पाहिली, ती सांगणे प्रस्तुत होईल.

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, श्रीपेरुंबुदूर व सिंगपेरुमाळकोइल यांना जोडणाऱ्या रस्त्यावर ओरगडम हे गाव आहे. एके काळी शेते व तळी यांचा हा मुलूख. आता तेथे मोटारींच्या कारखान्यांची मोठी वसाहत आहे. रेनॉ व निसान यांचा कारखाना २०१० साली सुरू झाला, डाइमलरचा मालमोटारींचा कारखाना २०१२ साली, आणि रॉयल एनफिल्डच्या मोटारसायकली तेथे २०१३ पासून तयार होऊ लागल्या. कामासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली, त्यांत आपली मराठी माणसेही आली. त्यांतील काही विश्वासणारी कुटुंबे घरगुती प्रार्थनासभा भरवतात. तमिळ प्रांतात मराठी प्रार्थना ऐकली की तंजावरची आठवण होते. तेथील मराठी राजा दुसरा सरफोजी हा श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकला आणि १७९८ साली श्वार्ट्झ वारल्यावर त्याने गुरूचे संगमरवरी स्मारक इंग्लंडातून करवून आणले. असो, तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

अशा एका सभेनंतर जालन्याकडचा एक तरुण मला भेटला. तो एका हॉटेलात कामाला होता. कारखान्यांत येणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांसाठी तेथे मांसाला धुरी देऊन ते शिजवीत. त्यासाठी पोलादी कपाटासारखी एक भट्टी असते. तिला ते ‘स्मोकर’ म्हणतात. एका बाजूस लाकूड मंद जळते आणि त्याचा धूर जाळ्यांवर ठेवलेल्या मांसावरून फिरत वर जातो. उष्णता साधारण ११० ते १३० अंश सेल्सियस, म्हणजे तंदुरीच्या मानाने पुष्कळच कमी; म्हणून मोठा तुकडा शिजायला आठ-दहा तास, कधी त्याहूनही अधिक लागतात. इतका वेळ चरबी थेंबाथेंबाने जाळीवर उतरते, तिच्यावर धूर बसतो, त्यावर उडालेली राख बसते. रात्री अकरानंतर सगळे गेले की या सहा जाळ्या साफ करणे हे त्याचे काम होते.

मी त्याच्याबरोबर जाऊन ते काम पाहिले. जाळी पुरती निवण्यापूर्वी, हाताला सोसेल इतकी कोमट असतानाच खरवडावी लागते, कारण चरबी थिजली की थर दगडासारखा होतो. खरवडून झाल्यावर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून जाळ्या भिजत ठेवायच्या, मग काथ्याने घासायच्या, स्वच्छ पाण्याने धुवायच्या आणि पुन्हा विस्तवावर धरून कोरड्या करायच्या. बिडाच्या जाळ्यांना लगेच तेलाचे बोट फिरवावे लागते, नाही तर सकाळी त्यांवर तांबेरा दिसतो. तारेचा ब्रश तो वापरीत नसे. त्याची तार तुटून जाळीला चिकटते आणि अन्नाबरोबर घशात किंवा पोटात जाते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अशा इजांची नोंद २०१२ साली प्रसिद्ध केली होती. लाकूड ओले असेल किंवा वारा कोंडला असेल तर डांबरासारखा एक चकचकीत काळा थर बसतो. तो कडू असतो आणि दुसऱ्या दिवशीच्या मांसाला ती चव लागते. गिऱ्हाइकाला जाळी दिसत नाही, पण तिची कडवट चव मात्र त्याच्या जिभेवर येते.

त्याने खरवडलेला तो गोळा उलथन्यावर घेऊन मला दाखवला. ती आपल्या चुलीतली कोरडी, भुरभुरीत, फुंकरीने उडणारी राख नव्हती. मऊ, तेलकट, वजनदार असे काही होते. एका इब्री शब्दाचा अर्थ मला त्या रात्री जसा कळला तसा कोणत्याही शब्दकोशात कळला नव्हता.

इब्री भाषेत राखेला मुख्यतः दोन शब्द आहेत. अब्राहाम स्वतःस धूळ व राख म्हणवतो, ईयोब राखेत बसून पश्चात्ताप करतो, तेथे ‘एफेर’ हा शब्द आहे. ती शोकाची, नश्वरतेची राख. परंतु लेवीयच्या सहाव्या अध्यायात वेदीवरील राखेला ‘देशेन’ म्हटले आहे आणि ‘देशेन’चा मूळ अर्थ आहे चरबी, स्निग्धता, पुष्टपणा. अर्पणाची चरबी ज्यात मुरली आहे अशी ती राख. याच शब्दापासून झालेले ‘दिश्शेन’ हे क्रियापद निर्गम २७:३ व गणना ४:१३ येथे वेदीवरची राख काढण्यासाठी वापरले आहे. आणि तेच क्रियापद आपल्या सर्वांच्या आवडत्या तेविसाव्या स्तोत्रात, पाचव्या वचनात, परमेश्वर दाविदाच्या मस्तकाला तेल लावतो तेथे आले आहे. स्तोत्र २०:३ मध्ये देवाने होमार्पण मान्य करावे अशी जी विनवणी आहे, तिच्यातही तेच. राख काढणे, तेलाने अभिषेक करणे, अर्पण मान्य करणे, या तिन्हींसाठी एकच शब्द! मराठीत हे साधत नाही. ‘राख’ लिहावे तर स्निग्धता जाते. ‘भस्म’ लिहावे तर वाचकाच्या मनात कपाळावरचे पट्टे उभे राहतात. शिवाय आपल्या कॅथलिक बांधवांचा भस्मबुधवार हा पश्चात्तापाचा दिवस, म्हणजे तेथे ‘एफेर’चा भाव आहे. धार्मिक छटांनी भारलेले संस्कृत शब्द टाळून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत शास्त्र आणण्याचा पंडिता रमाबाईंचा आग्रह होता. त्यांचे संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्या आग्रहाला मान देऊन मी ‘राख’ हाच शब्द पत्करतो आणि उरलेले काम उपदेशकांवर सोडतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. वेदीवरची राख ही घाण नव्हती. आपल्याकडे अशा विषयावर झटपट रूपक करण्याची सवय आहे : जाळी म्हणजे हृदय, काजळी म्हणजे पाप, घासणी म्हणजे संकटे. मी ते करणार नाही, कारण शास्त्रपाठ तसे म्हणत नाही. ही राख देवाने स्वीकारलेल्या अर्पणाची होती, म्हणून तर ती शुद्ध ठिकाणी ठेवायची. पण स्वीकारलेले अर्पणसुद्धा कालचे होते. काल केलेली भक्ती, काल मिळालेला आशीर्वाद, आजोबांचा विश्वास, मुक्तिसदनात १९०५ साली झालेली जागृती, हे सर्व पवित्र आहे. त्याला आदराने उचलून बाजूस ठेवावे. त्याचा ढीग वेदीवरच राहू दिला तर आजच्या अग्नीला वारा मिळत नाही. काही मंडळ्यांच्या शतसांवत्सरिक उत्सवांना गेल्यावर मला हा विचार टाळता आलेला नाही.

आता त्या तरुणाकडे वळतो. त्याने जे विचारले त्याचे उत्तर इतके सरळ नव्हते. तो म्हणाला, “काका, आमचे पाळकसाहेब सांगतात की कुठलंही काम प्रभूसाठी केलं की ते पवित्र होतं. मला ते पटतं. पण स्वयंपाकघरात आम्ही पाच जण आहोत. रोज मीच का? पहिल्या आठवड्यात मला माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि तेव्हापासून जाळ्या माझ्याकडे. आईला मी सांगितलंय की मी आचारी आहे. आमच्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली. तिला हे कसं सांगू?”

वाचकहो, हा प्रश्न एका तरुणापुरता नाही. मराठी मंडळीचा फार मोठा भाग ज्या घरांतून आला त्या घरांवर गावगाड्याने हेच काम पिढ्यान्‌पिढ्या लादले होते. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचा उपदेश केला, तो अन्नाइतकाच माणुसकीच्या मानाचाही प्रश्न होता. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा अधिक व्यापक कायदा झाला; तरी गटारात उतरून गुदमरल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो. ज्याच्या गळ्यात झाडू जन्मतः बांधला गेला त्याला ‘झाडूही पवित्र आहे’ असे सांगणे सोपे असते, विशेषतः सांगणाऱ्याच्या हातात झाडू नसतो तेव्हा. अशा उपदेशाने देवाचे वचन गावगाड्याच्या सेवेला जुंपले जाते.

म्हणून मी त्याला ‘हे काम पवित्र आहे’ असे म्हटले नाही. आम्ही लेवीयचा सहावा अध्याय उघडला आणि राख कोणी काढायची एवढेच शोधले. उत्तर दहाव्या वचनात आहे : याजकाने. अहरोनाच्या मुलाने. लेवीयांपैकी इतर घराण्यांवर निवासमंडपाच्या वाहतुकीची कितीतरी कामे सोपवली होती, पण राख त्यांच्याकडे दिली नाही. छावणी हलायची वेळ आली तरी वेदीची राख अहरोन व त्याच्या मुलांनीच काढायची होती, असे गणनाच्या चौथ्या अध्यायात आहे. जो अर्पण करतो त्यानेच त्याची राख उचलायची. छावणीबाहेर ती नेऊन टाकायलाही खालचा कोणी माणूस नेमला नव्हता. वस्त्रे बदलायची होती, माणूस बदलायचा नव्हता.

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहूदी ग्रंथात यरुशलेमच्या मंदिरातील या सेवेच्या आठवणी आहेत. पूर्वी ज्याला इच्छा असेल तो याजक राख काढी. इच्छुक पुष्कळ झाले की ते वेदीच्या चढावरून धावत सुटत आणि जो आधी पोहोचेल त्याला ती सेवा मिळे. एकदा दोघे बरोबरीने धावत असता एकाने दुसऱ्याला ढकलले आणि त्याचा पाय मोडला; तेव्हापासून चिठ्ठ्या टाकण्याचा नियम झाला. राख काढण्यासाठी शर्यत! ज्याची चिठ्ठी निघे तो पहाटेच्या काळोखात एकटा जाई, हातात दिवा न घेता, वेदीच्या अग्नीच्या उजेडात. तो इतरांना दिसत नसे. हातपाय धुण्यासाठी गंगाळाला बसवलेल्या लाकडी रहाटाचा आवाज झाला की बाकीच्यांना कळे, वेळ झाली. मग तो चांदीचे फावडे घेई. सणाच्या दिवसांत मात्र वेदीवरचा राखेचा ढीग काढीत नसत; ती वेदीची शोभा मानली जाई.

हे ऐकून तो तरुण थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मग आमच्या किचनमधले याजक कोण?” मला हसू आले, पण प्रश्न नेमका होता.

छावणीबाहेरच्या त्या शुद्ध ठिकाणाविषयी आणखी एक गोष्ट लेवीय ४:१२ मध्ये आहे. पापार्पणाच्या गोऱ्ह्याचे शरीर तेथेच, राख टाकण्याच्या जागी, जाळून टाकीत. इब्री लोकांस पत्राचा लेखक तेराव्या अध्यायात हाच विधी मनात धरून म्हणतो की लोकांना पवित्र करण्यासाठी येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसले. आपण पुष्कळदा वधस्तंभ टेकडीवर पाहतो, चित्रांतही तो उंच असतो. इब्री पत्राच्या वाचकाला मात्र छावणीबाहेरची राखेची जागा आठवत असणार. आपला महायाजक राख दुसऱ्याच्या हाती देऊन परत फिरला नाही. तो स्वतः तिच्याबरोबर बाहेर गेला. शेवटच्या भोजनाच्या वेळी त्याने वस्त्रे उतरवून रुमाल कमरेस बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले, त्याही वेळी कोणा सेवकाला हाक मारली नव्हती. आणि यिर्मया ३१:४० पाहा : नव्या यरुशलेमची सीमा सांगताना संदेष्टा प्रेतांचे व राखेचे खोरे शहरात घेतो आणि तेही परमेश्वराला पवित्र होईल म्हणतो. तेथेही शब्द ‘देशेन’च आहे. त्याच अध्यायाच्या चौदाव्या वचनात देव याजकांचा जीव ज्या पुष्टीने तृप्त करणार आहे, तिलाही यिर्मयाने ‘देशेन’च म्हटले आहे.

काही महिन्यांनी त्या तरुणाचा दूरध्वनी आला. पाळी लावण्याविषयी त्याने मुख्य आचाऱ्याला विचारले होते. ते हसण्यावारी गेले. पुढे ओडिशातून एक नवा मुलगा आला, तेव्हा जाळ्या आपोआप त्याच्याकडे गेल्या आणि आमच्या तरुणाला भट्टी पेटवण्याचे काम मिळाले. म्हणजे तो सुटला. मला वाटले, संपले. पण तो म्हणाला, “काका, तीन जाळ्या तो घासतो, तीन मी घासतो. लाकूड मीच लावतो, तर राख त्याच्यावर कशी टाकू?” आईला त्याने आता सर्व सांगितले आहे. ती रागावली की नाही हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आपल्या मंडळ्यांत काय होते? नाताळच्या प्रीतिभोजनानंतरची पातेली कोण घासतो? प्रभुभोजनाचे पेले कोण धुतो? उपासनेआधी मंदिर कोण झाडतो? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असते : तुटपुंज्या पगारावरचा शिपाई, किंवा त्याच त्या चार विधवा भगिनी. पंचकमिटीच्या बैठकीत खर्चाचा ताळेबंद मांडला जातो. ही यादी कधी मांडली जात नाही. ती मांडावी. पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार, गायनमंडळाचे प्रमुख यांची नावे तिच्यात असावीत, आणि वाद झाला तर चिठ्ठ्या टाकाव्या. याला शास्त्राचा आधार नाही असे कोणी म्हणू लागले तर त्याला लेवीयचा सहावा अध्याय वाचायला द्यावा.

गणनाच्या चौथ्या अध्यायात प्रवासाची जी तयारी सांगितली आहे, तीत कोशाला, मेजाला, दीपवृक्षाला, सोन्याच्या वेदीला निळे कापड आहे. मेजाला वरून किरमिजीही आहे. राजांना शोभणारे जांभळे कापड मात्र एकाच वस्तूसाठी राखून ठेवले आहे. होमार्पणाच्या वेदीची राख काढून झाली की याजकाने तिच्यावर ते पसरायचे. त्या जांभळ्या कापडावर वेदीची उपकरणे मांडायची : अग्निपात्रे, काटे, राख काढण्याची फावडी, कटोरे. वरून कातड्याचे आच्छादन घालून दांडे बसवायचे, मग कहाथी येऊन ते सर्व खांद्यावर घेत आणि छावणी पुढच्या मुक्कामाला निघे.